तीन बाटल्या आणि एक सोयरीक

ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या एका दवाखान्यात आम्ही तिघं शेजारीशेजारी पडलो होतो. प्रत्येकाच्या बरगड्यांमधून एक नळी बाहेर काढलेली आणि तिचं टोक खाटेखालच्या पाण्याच्या बाटलीत. इलाज एक, रोग मात्र ज्याचा त्याचा. मला न्यूमोनियानंतर छातीत पू झालेला. सोनगीरच्या नानांच्या छातीत टीबीचं पाणी. तिसरे ट्रक चालवणारे, त्यांना सगळे भाऊ म्हणत. बिड्या फुंकून फुंकून त्यांच्या फुप्फुसाला भोक पडलं होतं, त्यामुळे त्यांच्या बाटलीत नुसते बुडबुडे.

सकाळी उठलं की पहिला उद्योग एकमेकांच्या बाटल्या बघायचा. भाऊंना बुडबुड्यांचा भारी अभिमान. "मन्ही मोटार कशी जोरमा चालू शे!" म्हणायचे. बुडबुडे म्हणजे भोक अजून बुजलेलं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांचा चेहरा पडला. तेव्हापासून डॉक्टर आले की गाल फुगवून, श्वास रोखून पडून राहायचे. डॉक्टरही बेरकी, त्यांचा श्वास सुटेपर्यंत हसत तिथंच उभे राहायचे.

मला मात्र एकच घोर होता. माझं लग्न ठरलेलं होतं, मुलगी अमळनेरची. छातीच्या वॉर्डात आहे एवढं कानावर गेलं तरी लोक टीबीच समजत, आणि टीबी म्हटलं की सोयरीक मोडलीच. म्हणून आईनं सगळ्यांना पोटाचं दुखणं सांगून ठेवलं होतं. नळी छातीत आणि दुखणं पोटात! एका दुपारी आई उशाशी बसलेली असताना मुलीचे वडीलच दारात उभे राहिले.

मी तोंड उघडायच्या आत नाना उठून बसले. "पाव्हना, टीबी माले शे! याले नही शे!"

भाऊंनाही राहवेना. "याले बी मन्हासारखंच शे," त्यांनी ठोकून दिलं आणि उशीखालची बिडी दाखवली.

"म्हणजे पोरगा बिड्या ओढतो?" पाहुण्यांनी विचारलं. मी तर सुपारीसुद्धा न खाणारा. मग तिघंही एकदम बोलायला लागलो. हे पाणी, हा पू, ते बुडबुडे, असं बाटल्यांचं प्रदर्शनच मांडलं. आई डोक्याला हात लावून बसली.

पाहुण्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि तो थांबेचना. उपरणं तोंडाशी धरून ते भिंतीकडे वळले. तसला खोकला आम्ही त्या वॉर्डात रोज ऐकत होतो.

"पाव्हना," नाना हळूच म्हणाले, "हाऊ खोकला कवयपासून शे?"

पाहुणे माझ्या खाटेच्या कडेवर टेकले. "दोन-तीन महिना व्हई ग्यात. पोरनं लगीन मोडी जाई म्हनीसन कोनले सांगं नही." ते जिनिंग गिरणीत कामाला होते; तिथल्या कापसाच्या धुळीचं निमित्त सांगून त्यांनी घरच्यांनाही गप्प केलं होतं.

मला एकदम हलकं वाटलं आणि त्याच क्षणी त्यांची फार दया आली. ज्यांना मी इतका भीत होतो, ते आम्हालाच भिऊन होते. आई उठली. "डॉक्टरले दखाडाबिगर जावानं नही," तिनं बजावलं.

तपासणीत टीबी निघाला. लग्न पुढे ढकललं, पण माझ्या दुखण्यामुळे नाही. आईनंच अमळनेरला निरोप धाडला: व्याह्यांचं औषध पुरं होऊ द्या, मांडव तोवर थांबेल.