सिद्धूचा शेवटचा बोर्ड

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना – अण्णांना – तर शेवटपर्यंत नाहीच. आणि ज्याला सांगायला हवं होतं तो रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितो – त्यालाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. माहीत नाही. पण ऐका.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं फायबरचं वर्कशॉप आहे. कुलरच्या बॉड्या, बाथरूमचे दरवाजे, टाक्या, जयंतीला लागणाऱ्या कमानी – असली कामं. साच्यावर काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं, त्यात रेझिन मुरवायचं, वाळलं की अख्खं सोलून काढायचं. सोलून निघावं म्हणून साच्याला आधी मेण चोळायचं. मेण लागलं तिथं फायबर धरत नाही. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं समजेल. काम चांगलं आहे, माझं घर त्यावरच चाललंय. पण कौतुकानं बघत कुणी उभं राहत नाही. कुलरकडे कोण टक लावून बघतं?

सिद्धू माझा धाकटा भाऊ. आधी माझ्याच हाताखाली शिकला. मग कोकणात गेला, समुद्रकाठच्या एका कॅम्पात स्वयंपाकघरात लागला. तिथं लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवतात. पायाखाली लांब, टोकदार फळी असते – सर्फबोर्ड. एकदा तिथला एक बोर्ड फुटला. हा पुढं झाला, म्हणाला, माझ्या भावाचं फायबरचं काम आहे, मी जोडतो. जोडलाही. तेव्हापासून फुटका बोर्ड आला की सिद्धूकडे. हळूहळू तो स्वतःच लाटेवर उभा राहायला लागला. पावसाळ्यात कॅम्प बंद झाला तसा घरी आला आणि जेवताना म्हणाला, "दादा, मी आता बोर्डच बनवणारे. हितंच, घरी."

जालना जिल्ह्यात! जिथं समुद्र फक्त मोबाइलमध्ये दिसतो! गावातले हसले. मीही हसलो – सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

त्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून जळण बाहेर काढलं आणि थर्माकोलचे ठोकळे आत नेले. तापलेल्या तारेनं कापायचे, मधोमध सागवानी पट्टी चिकटवायची, मग रंधा, मग घासपेपर. भर दिवसा दारं लावून घ्यायचा, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीवर ट्यूबलाइट लावायचा आणि त्या तिरप्या उजेडात सावली कुठं वाकडी पडते ते बघत घासत बसायचा. अंगभर पांढरा भुसा. आई म्हणायची, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो.

पहिला बोर्ड घासून झाला तेव्हा त्यानं माझ्याकडे रेझिन मागितलं. मी दिलं. आमचं नेहमीचं रेझिन थर्माकोल खाऊन टाकतं, हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. मी बोललो नाही. त्यानं ओतलं आणि बोर्डाला डोळ्यांदेखत खड्डे पडत गेले. तुम्हाला वाटलं असेल, हीच ती चूक. नाही. ते झालं तेव्हा सिद्धू खदखदून हसला होता. "आरं दादा, बघ कसं खाऊन राह्यलं!" मग त्यानं कॅम्पात फोन लावला, दुसऱ्या जातीचं रेझिन लागतं हे समजून घेतलं, ते मागवलं आणि नव्यानं सुरुवात केली. मला वाईट वाटलं का? वाटलं – तो हसला याचं.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. आमचे वडील एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. सगळी उमर बसचे पत्रे ठोकून सरळ करण्यात गेली. पत्र्यावर हात फिरवायचे, डोळे मिटून, आणि कुठं फुगलाय कुठं दबलाय ते सांगायचे. माझं वर्कशॉप उभं राहिल्यापासून मी वाट बघत होतो – कधीतरी येतील, एखाद्या दरवाज्यावर हात फिरवतील. यायचे. बाहेरूनच विचारायचे, "जेवायला कधी येतो?" आणि परत जायचे.

सिद्धूच्या शेडमध्ये मात्र त्यांनी खुर्ची टाकली. दुपारभर बसायचे. एक दिवस मी मागच्या दारातून बघितलं – अण्णा डोळे मिटून त्या पांढऱ्या फळीवर टोकापासून टोकापर्यंत हात फिरवत होते. सिद्धू बाजूला श्वास रोखून उभा. अण्णा म्हणाले, "बराबर आहे रे. कुठंच अडत न्हाई हात."

तेवढंच. मी तसाच वर्कशॉपला परत गेलो. त्या दिवशी साच्यातून काढलेली बॉडी मला बघवली नाही.

मग लोक यायला लागले. शाळेची पोरं यायची, जांब समर्थला दर्शनाला चाललेली माणसं वाट वाकडी करून यायची. ओळखीतल्या एकाच्या मोसंबीच्या बागेत शेततळं आहे, तिथं सिद्धूनं बोर्ड तरंगवून दाखवला, वर उभा राहिला, कुणीतरी फोटो काढला. माझी बायको घरी येऊन म्हणाली, "भाऊजींच्या हाताला किती सफाई आहे, न्हाई?" तिच्या मनात काही नव्हतं. पण मी ताटावरून उठलो. फायबर त्याला कुणी शिकवलं होतं? ज्या हाताचं एवढं कौतुक, त्या हातात पहिल्यांदा ब्रश कुणी दिला होता?

बघा, मी अजून मूळ गोष्ट टाळतोय.

कॅम्पाच्या मालकानं सिद्धूला निरोप पाठवला – एक बोर्ड पूर्ण करून आण, माझ्यासमोर चालवून दाखव. पसंत पडला तर इथून पुढचे सगळे बोर्ड तुझ्याकडून. सिद्धूनं त्यासाठी नवा बोर्ड घडवला. त्याच्या आधीच्या सगळ्यांहून देखणा. घासून तयार झाला, कापड चढवायचं राहिलं. रेझिन आणायला तो जालन्याला निघाला आणि मला म्हणाला, "दादा, जरा नजर ठेव. शेळी आत घुसती."

मी नजर ठेवायला गेलो. खिशात मेणाची डबी होती.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की डबी कामाची, खिशात राहूनच गेल्ती. खोटं आहे. मी ती वर्कशॉपातल्या फळीवरून उचलली, झाकण उघडून बघितलं, मऊ फडकं घेतलं आणि मग गेलो. शेडमध्ये कुणी नव्हतं. मी त्या बोर्डावर, जिथं मागचा पाय पडतो तिथं आणि तिथून पुढं मध्यापर्यंत, मेण चोळलं. पातळ. चकाकी दिसू नये म्हणून परत परत पुसलं. कडांना लावलं नाही, म्हणजे कापड कडेनं घट्ट धरेल आणि वरून काहीच कळणार नाही. इतक्या निगुतीनं मी माझं स्वतःचं कुठलंच काम केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कापड चढवलं. मदतीला मीच होतो. त्यानं रेझिन ओतलं, रबरी पट्टीनं ओढत नेलं आणि पांढरं कापड काचेसारखं पारदर्शक होत गेलं. मी "थांब" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "त्या कोपऱ्यात बुडबुडा राह्यला बघ." त्यानं तो काढला आणि मला थँक्यू म्हणाला. सख्ख्या भावाला थँक्यू!

आईनं दोन गोधड्या दिल्या. त्यात गुंडाळून, जीपच्या टपावर बांधून आम्ही कोकणात गेलो. मी कशाला गेलो? त्यानं आग्रह केला. "दादा, तू पाहिजे. तुझ्यामुळंच झालं हे." मी समुद्र पहिल्यांदाच बघत होतो, आणि खरं सांगतो, मला समुद्र दिसलाच नाही. मी बोर्डाकडे बघत होतो.

सिद्धू आत गेला, पालथा पडून हातांनी पाणी मारत. लाट आली. तो उभा राहिला. आमचा सिद्धू, ज्याला लहानपणी विहिरीची भीती वाटायची, तो पाण्यावरून आडवा, सरसर, हात थोडे पसरून येत होता. आता इथं मी सांगावं, की त्या क्षणी मला वाटलं, टिकू दे. तसं सांगितलं तर मी बरा दिसेन. पण मी वाट बघत होतो. कधी सुटतं याची.

सुटलं. त्यानं मागच्या पायावर जोर दिला, वरचा पापुद्रा आतून सुटून फुगला आणि बोर्ड मधोमध मोडला. फायबरच्या तुटक्या कडेनं त्याची पोटरी फाडली. लोकांनी बाहेर आणलं, टाके पडले. मालक भला माणूस. रागावला नाही. फक्त म्हणाला, "हात चांगला आहे, पण याच्यावर मी पाहुण्यांना उभं नाही करू शकत." झालं.

पण माझा गुन्हा मेणाचा, असं मला आता वाटत नाही. तो त्याच्या नंतरचा.

पायाला पट्टी बांधलेली, आणि सिद्धू वाळूत बसून सुटलेला फायबरचा पापुद्रा उलटसुलट करून बघत होता. आतली बाजू गुळगुळीत होती. थर्माकोलचा एक कण चिकटलेला नव्हता. साच्यातून काढल्यासारखी. फायबरचं काम करणाऱ्या माणसाला ते बघून कळायला हवं. त्याला कळलं नाही, कारण जिथं शोधायला हवं होतं तिथं त्यानं शोधलंच नाही – माझ्याकडं. तो तुकडा त्यानं माझ्या हातात दिला. "दादा, असं कसं झालं? तुला कळतं. तू सांग."

आणि मी तो तुकडा उजेडाकडे धरला. जाणकारासारखा. म्हणालो, "धूळ राह्यली असंल खाली. घासल्यावर पुसलं न्हाई तू नीट. घाई हे तुझ्या हाताला."

त्यानं मान हलवली. लगेच. वाद नाही, शंका नाही. "हो," म्हणाला, "असंल."

घरी आल्यावर त्यानं शेडमध्ये परत जळण भरलं.  मग एका सकाळी अण्णा वर्कशॉपात आले, आत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुझं काम साधं आहे, पण टिकतं." जन्मभर ऐकायचं होतं ते मी ऐकलं. लाज वाटली असेल, असं समजू नका. मला गोड लागलं. पुढं अण्णा वारले, ते तेच मनात धरून.

सिद्धू आता माझ्याकडेच कामाला आहे. चांगलं करतो. नवीन माणूस आला की त्याला आधी पुसायला शिकवतो, आणि सांगतो – धूळ राहिली की सगळं गेलं, माझं तसंच झाल्तं. मी शेजारी उभा असतो.

हे सगळं जुनं आहे, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण मागच्या महिन्यात त्याच्या मुलीला, श्रावस्तीला, शेततळ्यातला तो फोटो सापडला. नववीत आहे ती. फोटो घेऊन धावत वर्कशॉपात आली. "पप्पा, हे तुम्ही बनवलं? परत बनवा ना! मला शिकवा!"

सिद्धू हसला. हात पुसत म्हणाला, "मला न्हाई जमलं बाई ते. विचार मोठ्या पप्पांना, त्यांच्या समोरच मोडलं."

ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे अगदी सिद्धूसारखे आहेत. तोही बघत होता, सहज, हातातलं फडकं तसंच धरून. वर्कशॉपात आमच्या तिघांशिवाय कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "हो बेटा. न्हाई जमलं त्याला."