घरटी एक माणूस

समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलीला आकडेवारी कशाला लागते, हे आईला समजावून सांगणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. वर्ध्याच्या आमच्या गल्लीत ती सरळ सांगायची, "आमची पोरगी माणसं मोजून राह्यली." मी आधी चिडायचे. मग चिडणं सोडून दिलं, कारण पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं ते लांबलचक नाव सोलून काढलं तर आत तेवढंच उरत होतं.

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी खरोखरच माणसं मोजायची वेळ आली, तेव्हा मी हिंगणघाटजवळचं मावशीचं गाव निवडलं. प्रबंधात त्याची फार भारदस्त कारणं दिली आहेत. खरं कारण मावशीच्या हातची पाटोडीची भाजी.

माझा विषय होता, अडीअडचणीला माणसं आधी कुणाकडे जातात. माझ्या मार्गदर्शक सरांचे नियम पक्के होते. घरं आपण निवडायची नाहीत, संगणक निवडेल. म्हणजे प्रत्येक घराला सारखी संधी. घरटी एकच माणूस, आणि त्याच्याशी बोलताना दुसरं कुणी जवळ नको. उत्तर कुणालाही सांगायचं नाही. वर्गातल्या फळ्यावर हे नियम इतके देखणे दिसत की मला त्यांचा अभिमान वाटायचा.

पण फळ्यावर आवतन नव्हतं. आमच्याकडे कार्याला बोलावतात त्याला आवतन म्हणतात, आणि त्याचे प्रकार असतात. चूलबंद आवतन म्हणजे तुमच्या घरची चूल त्या दिवशी पेटायचीच नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. दुसरं, घरटी एक माणूस. कुणाला कोणतं आवतन गेलं यावरून कोण किती जवळचं ते गावाला कळतं, आणि लोक ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

माझ्या मावशीचंच बघा ना. तिच्या धाकट्या जावेचं घर भिंतीला भिंत लागून. जावेच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मावशीच्या घरी आवतन आलं ते घरटी एका माणसाचं. सख्ख्या जावेकडून! जाऊ म्हणे, आवतन सांगत फिरणाऱ्या माणसाने घोळ केला. मावशी म्हणे, त्याने केला तर हिने येऊन निस्तरायचा होता. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. मावशी लग्नाला गेली नाही, आणि त्याचं दुःख तिला जावेपेक्षा जास्त होतं. जावेची ती मुलगी मावशीच्याच मांडीवर वाढली होती.

अशा गावात मी लॅपटॉप उघडून बसले आणि जाहीर केलं की काही घरांत जाईन, काहींत जाणार नाही, आणि जाईन तिथे घरटी एकाशीच बोलेन. गावाने हे आवतन समजूनच ऐकलं. दुपारपर्यंत कुणाकुणाच्या घराचा नंबर लागला ते सगळ्यांना पाठ झालं होतं. मावशीचं घर लागलं नव्हतं. जावेचं लागलं होतं.

जेवायला वाढताना मावशी म्हणाली, "या मॅडम, बसा. घ्या, लाजू नका."

मी घाईघाईने सगळं समजावलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं, माझ्या हातात काही नसतं.

"चिठ्ठ्या टाकून आवतन देते काय वं कोनी?" मावशी म्हणाली.

मी सरांना फोन केला, एक घर बदललं तर चालेल का म्हणून. सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या मावशींसाठी वेगळं संख्याशास्त्र नाही." मग मी मावशीला म्हटलं, तुलाही विचारते सगळे प्रश्न, नुसतेच, प्रबंधात न घेता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्ध्यातच थांबले.

"उरलंसुरलं वाढून राह्यली काय मले?"

पाटोडीची भाजी त्या दिवशीही उत्तमच झाली होती, पण मला ती गोड लागली नाही. लहानपणापासून हिच्या घरी मी पाहुणी कधीच नव्हते. दोन दिवस तिने मला अहोजाहो केलं आणि माझा जीव अगदी मेटाकुटीला आला.

मग जावेच्या घरी जायची वेळ आली. चूलबंद आवतन असल्यासारखं तिचं सगळं घर ओसरीत जमलं होतं, शिवाय दोन शेजारणी. सगळ्यांना बाहेर काढता काढता मी घामाघूम झाले. दार लोटलं, चटईवर बसले. भिंतीपलीकडे मावशी भाकरी थापत होती, त्याचा आवाज अगदी जवळून येत होता.

वय, शिक्षण, शेती, जाऊ हळू आवाजात सगळं सांगत गेली. मग मी मुख्य प्रश्न विचारला. अचानक अडचण आली तर तुम्ही सगळ्यात आधी कुणाला हाक माराल?

तिने भिंतीकडे पाहिलं.

"हे उत्तर तू कोनाले सांगत नाई ना?"

"नाही काकू. अगदी गुप्त राहील."

"कोनालेच नाई?"

"कुणालाच नाही."

"अवो बाप्पा," ती वैतागून म्हणाली, "मंग काय फायदा!"

आणि तोंड भिंतीकडे करून, शेतातून माणसाला हाक मारावी अशा आवाजात तिने उत्तर दिलं, "लिही! अडचन आली त मी पह्यले आमच्या बाईलेच हाक मारीन! दुसऱ्या कोनाले मारू?"

बाई म्हणजे मावशी. थोरल्या जावेला ती बाईच म्हणायची.

पलीकडचं थापणं बंद झालं. मी पेन धरून तशीच बसले. मग भिंतीमागून मावशीचा आवाज आला.

"मंग मार ना हाक! तोंड कोनी शिवलं काय तुह्यं?"

जाऊ तोंड उघडून "बाई" एवढंच म्हणाली आणि पुढे तिला बोलताच येईना. पदराने डोळे पुसत ती नुसती भिंतीकडे बघत राहिली. मलाही रडू यायला लागलं.

दार ढकलून मावशी आत आली. हात पिठाने भरलेले, श्वास लागलेला. सरांच्या नियमाप्रमाणे मी तिला नम्रपणे बाहेर थांबायला सांगायला हवं होतं. मी सरकून तिला चटईवर जागा करून दिली.