सरांची सिस्टीम आणि भाऊसाहेबांचा अंदाज

शेवगावात खताच्या दुकानावर आमचा पूल हॉल आहे. टेबलं दोनच, पण तिथं बॉलपेक्षा तोंडं जास्त चालतात, त्यामुळे किस्से साठायला वेळ लागत नाही. माझ्याकडचा साठा बहुतेक दोघांचाच. एक गायकवाड सर, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात. दुसरे भाऊसाहेब, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करतात आणि हॉलमध्ये सगळ्यांत चांगलं खेळतात. मी मोटार रिवाइंडिंगवाला. खेळात कच्चा, ऐकण्यात पक्का.

*

सरांनी यूट्यूबवरून नेम धरायची सिस्टीम आणली. पांढऱ्या बॉलची कड रंगीत बॉलच्या मधोमध, पाव भागावर नाहीतर काठावर धरायची. अशा तीन रेघा.

"पूर्ण वस्तुनिष्ठ आहे," सर म्हणाले. "अंदाजाला जागाच नाही."

मग त्यांनी शॉट मारला. बॉल पॉकेटपासून चार बोटं लांब आपटला.

"टेबल उतारावर आहे."

पुढच्या रविवारी ते गवंड्याकडून लेव्हल घेऊन आले. टेबलावर ठेवली, तर बुडबुडा अगदी मधोमध. सरांनी दोन मिनिटं वाकून पाहिलं आणि म्हणाले, "लेव्हल जुनी दिसते."

*

भाऊसाहेबांना एकच शंका. "सर, शॉट शंभर तऱ्हेचे, अन् रेघा तीनच. बाकीच्यांचं काय?"

"तिथं किंचित ॲडजस्ट करायचं."

"किंचित म्हंजी किती?"

"ते सरावानं कळतं."

"आमी त्यालाच अंदाज म्हनतो."

सर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले, कारण त्यांच्या स्कूटरचं स्टँड तुटलं होतं.

*

मग सरांनी वही सुरू केली. बॉल गेला, की लिहायचे 'सिस्टीम'. चुकला, की 'मनगट'. महिन्याभरात सिस्टीमचा निकाल शंभर टक्के लागला.

भाऊसाहेबांनी वही चाळली. "मंग सर, शिस्टीम चुकली हे कधी कळायचं?"

"ती चुकत नाही. म्हणून तर वस्तुनिष्ठ."

*

तिसगावच्या हॉलशी मॅच ठरली. आमच्या टीममध्ये एकच जागा उरली, आणि दोघांनाही ती मनापासून हवी होती. शेवटी हॉलमालकानं टेबलावर आडवी चादर बांधली. खालून बॉल जाईल एवढीच फट, पॉकेट दिसणार नाही. सिस्टीमला पॉकेट बघावं लागत नाही, असं सरांचंच म्हणणं होतं. भाऊसाहेब म्हणाले, "मला बी नको." प्रत्येकी पाच शॉट.

सरांचा एक गेला. भाऊसाहेबांचे पाचही गेले.

सरांनी स्टिक भिंतीला टेकवली आणि सरळ जाऊन हात पुढे केला. "भाऊसाहेब, तुमच्या मनगटाला मानलं."

भाऊसाहेब ओशाळले. "मनगट कुठलं, सर. तुमच्या त्या तीन रेघाच धरल्या. महिनाभर वेल्डिंगच्या दुकानात बेअरिंगच्या गोळ्या मांडून चोरून शिकलो. आज अंदाज लावलाच न्हाई."

सर खाली बसले. चष्मा काढून पुसला.

"मी आज सिस्टीम सोडली होती," ते म्हणाले. "पाचही तुमच्यासारखे अंदाजानं मारले."