उपवासाचा दिवस

ओल्या सिमेंटचा वास आला की मला आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंचं गावातलं नवं घर आठवतं. सरकारी योजनेतून त्यांनी मातीच्या भिंतींच्या जागी दोन पक्क्या खोल्या बांधल्या होत्या आणि गृहप्रवेशाला आम्हाला फार आग्रहाने बोलावलं होतं. शिंदे की छावनीतल्या आमच्या घरून निघून रिक्षात बसताना सासूबाई म्हणाल्या, "पक्कं घर झालं, चांगलंच झालं. पण तिथे पाणीसुद्धा प्यायचं नाही. उपवास आहे म्हणून सांगायचं." बाईंच्या जातीच्या घरचं पाणी आमच्याकडे कधी कुणी प्यायलं नव्हतं. मी मान डोलावली. दाराला झेंडूचं तोरण होतं, आत पुऱ्या तळल्याचा घमघमाट सुटला होता आणि आमच्यासाठी कुणाकडून तरी मागून आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंनी भिंतीवर थाप मारून दाखवली, वर छताकडे बघून म्हणाल्या, "अब बरसात में खटिया नहीं सरकानी पड़ेगी." मग त्यांची सून पुऱ्यांचं ताट घेऊन आली. सासूबाई काही बोलायच्या आत बाईंनीच तिला अडवलं, "रहने दे, इनका तो आज उपवास है." त्यांनी आमच्यापुढे केळी ठेवली आणि पाण्याच्या बाटलीचं सील आमच्या देखत फोडलं. परतताना सासूबाई खूश होत्या. "किती समजूतदार आहे बघ," म्हणाल्या. मी अजून त्या घराकडे फिरकलेले नाही. त्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी पोहे खाल्ले होते, आणि गृहप्रवेशासाठी गावाला परतायच्या आधी त्या बशा बाईंनीच घासून ठेवल्या होत्या.