वसंताचा बिनबॅटरीचा रेडिओ

माझा आतेभाऊ वसंत गेल्या माघात एका सोमवारी सकाळी मुरुडला वारला. कावीळ झाली होती. ती उतरली असं वाटत असतानाच उलटली. वय चाळिशीच्या थोडं पुढे. लग्न केलेलं नव्हतं. तार दुपारी मुंबईला, मी काम करतो त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आली. पाठवणारे आमचे शेजारी हुसेनचाचा. तारेत दोनच वाक्यं होती : वसंत गेला, आणि आप्पा जेवत नाहीत. आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेली त्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी पेज घेतली होती. तार हातात असताना मला हे आठवलं, म्हणून इथे नोंदवतो.

वसंत आमच्या घरी आला तेव्हा पाटी धरण्याच्या वयाचा होता. आत्या वारली होती, तिच्या यजमानांनी दुसरं लग्न केलं होतं. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. एकाच ताटातून नाही, पण एकाच ओटीवर जेवून आम्ही वाढलो. मी शिकायला मुंबईला गेलो आणि बातम्या तपासण्याच्या कामाला लागलो. वसंत पुढे मुंबईलाच रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात राहिला. जंजिरा संस्थान विलीन झालं त्या वर्षी तो मुरुडला परतला. शहरातली हवा मानवत नाही, हे कारण त्याने सांगितलं. आप्पा त्याच सुमारास बंदरावरच्या कारकुनीतून मोकळे झाले होते आणि त्यांचे डोळे अधू होत चालले होते. मामाजवळ कोणीतरी हवं, हे कारण त्याने सांगितलं नाही. ते मला इतरांकडून समजलं.

वाडीत वीज नव्हती. गावात ज्यांच्याकडे रेडिओ होते ते बॅटरीच्या मोठ्या पॅकवर चालत आणि पॅक संपला की महिनामहिना मुके राहत. वसंत ते दुरुस्त करी, शिवाय बत्त्या, टॉर्च, शिवणयंत्रं. आप्पांसाठी मात्र त्याने वेगळाच रेडिओ केला. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, एक कंडेन्सर, शिशाच्या खनिजाचा खडा आणि कानाला लावायचा हेडफोन. दोन माडांच्या शेंड्यांना बांधलेली लांब तार म्हणजे एरियल. दुसरी तार विहिरीपलीकडे वाळूत ठोकलेल्या लोखंडी नळीला, ती अर्थ, म्हणजे जमिनीशी जोडणी. पुढे हुसेनचाचांच्या बोटीवरच्या भावाने परदेशातून काचेच्या नळीतला डायोड आणून दिला, भाताच्या दाण्याएवढा, आणि खडा बाद झाला. बॅटरी कुठेच नव्हती. मुंबईचं केंद्र समुद्रावरून सरळ येत असे. हेडफोन पितळेच्या परातीत ठेवला की चारजण वाकून ऐकू शकत.

"बिनतेलाचा दिवा लावलास रे," हुसेनचाचा पहिल्या दिवशी म्हणाले. "तेल कुठून येतं ते तरी सांग. जिन ठेवलायस की काय आत?"

वसंताने सांगितलं. इथून गैरसमजाला सुरुवात होते. मुंबईच्या दुकानात असताना त्याने एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं की पदार्थ कितीही थंड केला, त्यातली सगळी उष्णता काढून घेतली, तरी आतले कण पूर्ण थांबत नाहीत. थोडी ऊर्जा उरतेच. ती कोणालाही काढून टाकता येत नाही. यावरून त्याने ठरवलं की ती ऊर्जा सगळीकडे भरलेली आहे आणि डायोड हा तिचा एकेरी दरवाजा आहे. आत येऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही.

"थांबत नाहीत म्हणजे काय करतात?" आप्पांनी विचारलं.

"कापतात, मामा. थरथर चालू असते."

"हिवताप आल्यासारखी?"

"हिवतापच समजा. कधीच न उतरणारा."

आप्पा खूप हसले, असं हुसेनचाचा सांगतात. मी तिथे नव्हतो. मी हजर असताना आप्पा खूप हसल्याचं मला एकदाही आठवत नाही.

सुटीत घरी आलो तेव्हा मी वसंताला सरळ सांगितलं की रेडिओ चालतो तो मुंबईच्या केंद्रातून निघालेल्या लहरींच्या ताकदीवर. तिथे मोठं यंत्र वीज जाळतं, त्यातला कणभर भाग तुझ्या माडावरच्या तारेत उतरतो. पुरावा हवा तर केंद्र बंद होतं तेव्हा ऐकून बघ, शून्य आवाज.

"केंद्र बंद झाल्यावर बोलणार कोण, अरूदादा?" तो म्हणाला. "माणूस बोलायचा थांबला म्हणजे श्वास घ्यायचा थांबला का?"

आप्पांनी मांडीवर थाप मारली. थाप माझ्यासाठी नव्हती.

तरी हा वाद इतक्यावर मिटला असता. तो वाढला भरतीमुळे. वसंताच्या लक्षात आलं की रेडिओ काही संध्याकाळी मोठा बोलतो, काही संध्याकाळी अगदी हळू. त्याने आप्पांना विचारलं, आज भरती किती वाजता? बंदरावर उमेदवारी करणाऱ्या प्रत्येकाला आप्पा एक हिशेब शिकवत : तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सेवा संपल्यावर हा हिशेब आप्पांना कोणी विचारला नव्हता. आता वसंत रोज विचारू लागला. अष्टमीला संध्याकाळच्या बातम्या ओटीवरून ऐकू येत, अमावास्येला त्याच बातम्यांसाठी परातीत डोकं घालावं लागे. मामा आणि भाचा या निष्कर्षावर आले की समुद्र चढतो तेव्हा ती उरलेली ऊर्जाही वर ढकलली जाते. आप्पा सकाळी उठल्या उठल्या तिथी मोजत, वेळ सांगत. संध्याकाळी रेडिओ त्यांना दुजोरा देई. बंदरावर आयुष्यभर काम करून त्यांना जे मिळालं नव्हतं ते या पुठ्ठ्याच्या नळीने दिलं... आणि ती नळी वसंताने गुंडाळली होती.

मला हेवा वाटे. हे लिहिल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. मी लावलेल्या बातम्या ज्या अंकात छापल्या जात तो अंक मुरुडला दुसऱ्या दिवशी येई. तो आला की आप्पा घडीही न उलगडता म्हणत, "हे काल ऐकलं." पुढे तर डोळ्यांनी वाचणं संपलंच. मी वाचून दाखवतो म्हटलं तर म्हणत, "वसंता सांगेल काय ते." मुंबईहून येणाऱ्या मोटारीतून मी उतरलो की पहिला प्रश्न असे, "वसंता भेटला का रे वाटेत?"

एका मुक्कामात वसंताने कंडेन्सरचा खेळ दाखवला. दुरुस्तीला आलेल्या रेडिओतला मोठा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी डबी, त्याने बॅटरीच्या पॅकवर भरला, स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही टोकं जोडून ठिणगी पाडली आणि फळीवर ठेवून दिला. चहा झाल्यावर पुन्हा टोकं जोडली. पुन्हा ठिणगी, पहिलीपेक्षा बारीक. "रिकामा केला होता ना? मग भरून कोण गेलं?" त्याने विचारलं.

मी मुंबईला जाऊन पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी सांगितलं की कंडेन्सरच्या आतला थर थोडा भार धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. घट्ट पिळलेला फडकाही जरा वेळाने पुन्हा ओलसर लागतो, तसं. उरलेल्या ऊर्जेबद्दलही विचारलं. ती खरी आहे, ते म्हणाले, पण ती सगळ्यात खालची पायरी आहे. पाणी खाली पडलं तर चाक फिरतं. ज्याच्या खाली पायरीच नाही ते पाणी पडणार कुठे? मी हे सगळं पुढच्या खेपेला आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल," ते म्हणाले. "पण अरू, मला आता माणसाचं तोंड दिसत नाही. ठिणगी दिसते. मला दोन दिसल्या."

त्या वर्षीच्या दिवाळीत मी घरी होतो. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते, म्हणजे दिवेलागणीला पूर्ण ओहोटी. भरतीचं कोडं मला तोवर उलगडलं होतं. आमची वाडी किनाऱ्याला लागून आहे. भरतीला वाळूखालचं खारं पाणी वर चढतं आणि अर्थची नळी ओल्यात राहते. ओहोटीला वाळू सुकते, नळी कोरडी पडते आणि आवाज बसतो. समुद्र ऊर्जा ढकलत नाही, फक्त नळी भिजवतो. मी ठरवलं की हे आप्पांच्या कानांनाच दाखवायचं. पूजा उरकली होती. आप्पा हेडफोन लावून ओटीवर बसले, हुसेनचाचा फराळाला आले होते, तेही थांबले. वसंताने सुईत दोरा ओवावा तसं बारीक लक्ष देऊन केंद्र लावलं. आवाज नेहमीच्या अमावास्येसारखा, जेमतेम.

"आप्पा, आता बघा," मी म्हणालो. "भरतीला अजून बराच वेळ आहे ना?"

"मध्यरात्री आहे. ते मला नको शिकवूस."

नळीभोवती खड्डा केला होता. त्यात विहिरीचं मचूळ पाणी ओतलं गेलं, एकामागून एक बालद्या. वाळू पाणी पीत राहिली. मग आप्पांनी हात वर केला. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"चढला," ते म्हणाले. "आवाज चढला रे..."

"समुद्र कुठे आहे?" मी विचारलं.

"लांब आहे."

"मग ऊर्जा कोणी ढकलली?"

हुसेनचाचांनी करंजी खाली ठेवली. आप्पा म्हणाले, "अरूचं बरोबर आहे." इतके स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. मग त्यांनी हेडफोन काढला आणि हात वसंताच्या पावलांच्या दिशेने पुढे केला. "घे, ऐक. म्हणजे वसंता, आता आपल्याला ओहोटीलाही ऐकता येईल की!"

"येईल, मामा!" वसंत म्हणाला. हेडफोन कानाला लावून तो मोठ्याने हसला. "अरूदादा, तू तर आमचं कामच करून दिलंस."

"पेपरवाले," हुसेनचाचा मला म्हणाले, "केस तुम्ही जिंकलात. वरात त्यांची निघाली."

दुसऱ्या दिवसापासून बातम्यांच्या आधी नळीला पाणी घालण्याची पद्धत सुरू झाली. आप्पा तिथी मोजत राहिले, कारण कोणत्या दिवशी किती पाणी लागेल हे भरतीवरून ठरत होतं. उरलेल्या ऊर्जेवरचा वसंताचा विश्वास कमी झाला नाही. पाण्यामुळे दरवाजा नीट उघडतो, असं तो आता म्हणू लागला. मी पुढे मुंबईहून आप्पांसाठी नवा ट्रान्झिस्टर आणला. आवाज स्वच्छ, तारा नाहीत, माड नाहीत. आप्पांनी तो हातात घेऊन सगळीकडून चाचपला.

"ह्यात सेल घालावे लागतात ना?"

"हो."

"मग त्यात विशेष काय?"

तो ट्रान्झिस्टर पुढे हुसेनचाचांकडे गेला. आजही चालतो.

वसंताला मी शेवटचं पाहिलं ते पौषात. डोळे पिवळे झाले होते, पथ्याचा भात समोर तसाच होता. आप्पा उशाशी बसून त्याचं कपाळ पुन्हा पुन्हा चाचपत होते. मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "मामांना तिथी विचारत जा. न विचारता सांगायची त्यांना सवय नाही." मी हो म्हणालो. मुंबईला आल्यावर पत्रातून एकदा विचारली. उत्तर आलं नाही. पत्रं वाचून दाखवणारा वसंतच होता.

तार मिळाली त्या रात्री निघून मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आप्पा तिसऱ्या दिवशी जेवले. तेराव्यानंतर मी परतायच्या तयारीत असताना त्यांनी मला ओटीवर बोलावलं.

"तुझ्या पेपरात माणसांवर लिहितात ना, गेल्यावर?"

"पुरवणीत लिहितात."

"वसंतावर लिही. त्याने शून्यातून वीज काढली, असं लिही."

आप्पांनी माझ्या कामातून काही मागितलं ते हे पहिलंच. मी सांगितलं की तसं लिहिता येणार नाही, कारण ते खरं नाही.

"सगळं काढून घेतलं तरी थोडं उरतं... तेवढं तरी खरं ना?"

"ते खरं आहे."

"मग तेवढं लिही. बाकीचं तू बघ. पण छापण्याआधी मला वाचून दाखव."

हा मजकूर मी गेल्या रविवारी मुरुडला जाऊन त्यांना वाचून दाखवला. त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला, मध्ये एकदाही थांबवलं नाही. हेव्याचा परिच्छेद आला तेव्हाही नाही. वाचून झाल्यावर त्यांनी दिवाळीचा भाग पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला.

"त्या संध्याकाळी पाणी कोणी ओढलं ते तू लिहिलं नाहीस," ते म्हणाले.

मला वाटत होतं, मी ओढलं. तसं मी म्हणालो.

"तू माझ्यासमोर उभा होतास. तुझा आवाज समोरून येत होता. रहाट विहिरीवर वाजत होता."

मी कुंपणापलीकडे जाऊन हुसेनचाचांना विचारलं. त्यांनी विचार न करता सांगितलं. पाणी वसंताने ओढलं होतं, पहिल्या बालदीपासून शेवटच्या बालदीपर्यंत.