चौलची चावी

वहिनींचा उजवा कोपर सरळ होत नाही. हे आधीच लिहून टाकतो. कारण पैलवानाबद्दल बोलायला लागलो की मी मुंबईच्या कुस्त्यांपासून सुरुवात करतो, आणि त्याच्या बायकोच्या कोपरापर्यंत कधी पोचतच नाही.

मी चौलच्या एका दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर आठवड्यातून तीनदा येत. बाकीचे दिवस गोळ्या, मिक्श्चर, मलमपट्टी माझ्याकडे. पैलवान आमच्याच गावचा, नारळी-पोफळीच्या वाडीतला. देश स्वतंत्र झाला त्यानंतर दोन-चार वर्षांत तो मुंबईला तिकीट लावून होणाऱ्या, गादीवरच्या कुस्त्यांत उतरायला लागला. पगारी पैलवान. भिंतीवर त्याचं चित्र लागे. मी रेवसहून लाँच धरून भाऊच्या धक्क्याला उतरायचो, कुस्ती बघायचो आणि दुसऱ्या दिवशी परत. किती वेळा गेलो ते सांगत नाही. घरात तेव्हा भांडणं व्हायची त्यावरून.

त्याचा एक डाव होता. समोरच्याचं मनगट धरायचं, तळवा वर फिरवायचा आणि कोपर पाठीमागे चढवायचा. लोकांनी त्याला नाव दिलं होतं चौलची चावी. चावी लागली की समोरचा गुडघ्यावर. पण मला वेड लावलं ते पुढच्या गोष्टीनं. पंचानं हात वर केला की पैलवान खाली बसायचा आणि हरलेल्याचा कोपर स्वतः चोळून द्यायचा. सगळे प्रेक्षक उभे राहायचे. एवढी ताकद आणि एवढी माया एका माणसात असते, असं मी गावभर सांगत फिरलो.

एकदा तो गावी आला असताना मी त्याच्या घरी जाऊन हट्टच धरला. "पैलवान, मला लावा ना एकदा."

"कंपाउंडर, उद्या गोळ्या कोण बांधणार?" तो हसला.

"लावा हो."

त्यानं लावली. त्याची चार बोटं माझ्या मनगटाच्या वर रुतली, अंगठा आतल्या बाजूला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. माजघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "सोडा त्यांना." एकदाच, हळू. त्यानं तत्क्षणी सोडलं आणि कोपर चोळून दिला. वहिनींनी चहा आणला.

ते वळ आठ दिवस राहिले. मी बाही दुमडून दवाखान्यात बसायचो. एक मासळीवाली म्हणाली, "काय रं कंपाउंडर, बायकोनं धरला काय हात?"

"बायकोचा पंजा एवढा असतो होय? पैलवानाचा आहे."

"मंग हळद-कुंकू वाहा त्याच्यावर!"

सगळे हसले. मीही. वळ पिवळे पडत गेले तेव्हा मला वाईट वाटलं होतं, हे खरं आहे.

पुढे पैलवानाचं वय झालं. त्या कुस्त्यांत कोणी हरायचं ते आधी ठरे, आणि आता हरणं त्याच्या वाट्याला यायला लागलं. रविवारी हरायचा, सोमवारच्या लाँचनं घरी यायचा. हे कारण म्हणून सांगत नाही. झालं तसं सांगतो.

अशाच एका मंगळवारी सकाळी तो वहिनींना घेऊन दवाखान्यात आला. त्यांचा कोपर त्यानं स्वतःच्या तळव्यात धरला होता, फुटेल अशी वस्तू धरावी तसा. तो बाहेर बाकावर बसला. आत वहिनींनी पदर बाजूला केला.

मनगटाच्या वर चार बोटं. अंगठा आतल्या बाजूला.

गावात दुसऱ्या कोणाला ते वाचता आलं नसतं. मी ते आठ दिवस अंगावर मिरवले होते. आणि मी म्हणालो, "पडलात ना वहिनी? रहाटाजवळ शेवाळ असतंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केसपेपरवर लिहिलं: रहाटाजवळ पाय घसरून पडल्या. पैलवानानं मला काहीही सांगितलं नव्हतं. डोळ्यानंसुद्धा खुणावलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं.

कोपर तापला होता, जागचा हललेला दिसत होता. अलिबागला पाठवायला हवं होतं. पण तिथे कोणीतरी विचारलं असतं. मी पट्टी बांधली. दोन दिवसांनी डॉक्टर आले, म्हणाले, "हे आधी का नाही पाठवलंत?" मी म्हणालो, साधी मुरगळ वाटली. त्यांनी लगेच पाठवलं, पण कोपर पुन्हा धड झाला नाही.

पंधरा दिवसांनी वहिनींचा भाऊ हरिहरेश्वरकडून आला. भातशेती करणारा, कमी बोलणारा माणूस. पेशंट गेल्यावर आत आला आणि उभाच राहिला.

"कंपाउंडर भाऊ, एकच इचारतो. भैन पडली का?"

"बसा ना."

"बसत न्हाय. तिला न्ह्यायची तर चार मान्सांत काय तरी सांगाया पायजे. माझ्या एकल्याच्या बोलन्यावर कोन इस्वास ठेवनार? तो एवढा मोठा मानूस. तुमी हात बघितलाव. तुमचा सबूद चालंल."

टेबलावर टिंक्चरची बाटली होती. मी तिचं बूच घट्ट केलं. पुढच्या रविवारी त्याची मुंबईत कुस्ती होती आणि तिकीट माझ्या खिशात होतं. हेही खरं आहे.

"पडल्या," मी म्हणालो.

"व्हय?"

"शेवाळावरून."

तो चपला घालून गेला.

त्या रविवारी पैलवान जिंकला. मी टाळ्या वाजवल्या.

अकरा वर्षं गेली. या काळात मला काही वाटलं का, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. वहिनी डाव्या हाताने पाणी शेंदायच्या. वेणी शेजारची मुलगी घालून द्यायची. मी रस्ता बदलून जायला लागलो, एवढंच. गेल्या वर्षी पैलवान वारला. अंत्ययात्रेला अलिबागपासून माणसं आली. मग गावानं त्याच्या नावाची तालीम बांधायची ठरवली आणि कमिटीची माणसं माझ्याकडे आली. "कंपाउंडर, भाषण तुमचं. तुमच्याएवढा भक्त दुसरा नाही."

मी वहिनींकडे गेलो. त्या ओसरीवर सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या.

"मला बोलायला सांगितलंय," मी म्हणालो. "काय बोलू?"

"तुमाला सुचतं की," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "माझा भाऊ आला व्हता, आठवतं?"

"आठवतं."

"तो तुमच्याकडं आला तवा मी गाठोडं बांधून माजघरात बसले व्हते. दोन लुगडी, आईचा तांब्या. तो परत आला नि म्हनाला, कंपाउंडर सांगतो पडली. मग मी गाठोडं सोडलं." त्यांनी सुपारी टोपलीत टाकली. "तुमचा हात किती दिवसांत बरा झाला व्हता?"

"आठ."

"बरं," त्या म्हणाल्या.

तालमीच्या दिवशी मंडप भरला होता. मी चावीचं सांगितलं, ते लोकांना हवंच होतं. मग म्हणालो, "ही चावी मला लावली तेव्हा वहिनींनी सोडवलं. वहिनींना लावली तेव्हा मला कळलं होतं, आणि मी त्यांच्या भावाला सांगितलं की त्या पडल्या." एवढंच. खाली बसलो. कोणीतरी खोकलं. कमिटीचे अध्यक्ष कानाशी येऊन म्हणाले, "आजचाच दिवस सापडला का?" मग फोटोला हार घातला गेला आणि पेढे वाटले. मलाही एक मिळाला. मी खाल्ला.

पैलवानाचं नाव तालमीवर आहे. मला अजून त्याच्या कुस्त्या आठवतात, आणि आठवल्या की बऱ्या वाटतात. त्याला माझा इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दवाखान्यात आल्या. सभेला आल्या नव्हत्या, पण त्यांना कळलं असणार. नंबर आल्यावर स्टुलावर बसल्या आणि हात जेवढा जातो तेवढा पुढे केला.

"तुमच्या कागदावर काय लिवलंय, ते बदला."

जुने केसपेपर केव्हाच रद्दीत गेले होते. तसं मी सांगितलं.

"मग नवा काढा."

मी नवा कागद घेतला, नाव लिहिलं, वय विचारून लिहिलं. मग विचारलं, "कसं झालं?"

त्यांनी सांगितलं. मी लिहीत गेलो. अडीच ओळी झाल्या.