एका अंड्याची घंटा

चोरी झाली की सामान कमी होतं आणि गोष्टी वाढतात. आर्णी रोडला आमच्या चर्चची छोटीशी मंडळी. चर्चमधून चोरानं नेलं ते एका पोत्यात मावलं असेल, पण त्यावरचे किस्से आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही मावायचे नाहीत!

घंटेचा दोर ओढायचं काम माझं. आधी आमच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं होतं, ते गेल्यावर दोर माझ्या हातात आला. मला वाचता येत नाही, गीतांचं पुस्तक मी नुसतं धरून बसते. पण माझ्या घंटेशिवाय पाळकसाहेबसुद्धा तोंड उघडत नसत!

त्या रविवारी सकाळी दोर ओढला, तर अख्खा दोरच अंगावर आला. मी खाली, दोर वर! पाळकसाहेब धावत आले. "आजी, इतका जोर काहून लावता?"

मग दोघांनी वर पाहिलं. घंटा नव्हती. आत गेलो, तर वेदीवरचे मेणबत्तीचे पितळी स्टँड नव्हते. अंगणातल्या नळाच्या तोट्याही गायब. लोखंडी दानपेटी मात्र जागच्या जागी.

आमचा शद्रकभाऊ म्हणाला, "चोराले बी माहीत हाय, तिच्यात काही नसते!"

०००

हवालदारसाहेब पंचनाम्याला आले. "घंटा दिसते कशी?"

मी म्हटलं, "साहेब, मी तिले जनमभर खालूनच पाह्यली. आवाज सांगू काय?" आणि तोंडानंच काढून दाखवला, "टण्णऽऽ!"

गायनमंडळातल्या पोरी बाजूलाच उभ्या. "नाही आजी, सूर चढला तुमचा." "अजून लांबवा जरा!" बघता बघता सगळं गायनमंडळ पंचनाम्यात टण्ण-टण्ण करायला लागलं. समोरच्या हॉटेलातला चहावाला हातात गाळणी घेऊन पळत आला. "सापडली काय वो?"

हवालदारांनी कपाळाला हात लावला आणि लिहिलं, 'आवाज चांगला.'

०००

पुढच्या रविवारी मेणबत्त्या लावायच्या कशात? मी घरून बटाटे आणले, खालून सपाट कापले, वर भोक पाडलं, मेणबत्त्या खोचल्या. वेदी अशी दिसायला लागली की पितळ कोणाला आठवलंसुद्धा नाही.

उपासना झाल्यावर त्याच बटाट्यांची भाजी केली, सगळी मंडळी जेवली. पाळकसाहेबांना वाढताना मी विचारलं, "सांगा साहेब, पहिलेच्या स्टँडची भाजी होत होती काय?"

०००

आमचा सेक्रेटरी दानिएल. पोरगा चांगला, पण मोबाईलवेडा. मला म्हणाला, "आजी, आता तुम्ही आराम करा. घंटेची रेकॉर्डिंग हाय माह्यापाशी. भोंग्यावर लावतो. दोर नाही, ओढणं नाही, चोरीचं टेन्शन नाही. हेच कायमचं ठेवू."

कायमचं! मी घरी आले. दोर गुंडाळून खुंटीला टांगला होता, त्याच्याकडे बघवेना.

रविवार आला. दानिएलनं मोबाईल भोंग्याला जोडला. एक टोल झाला, दोन झाले, आणि तेवढ्यात फोन आला. घाबरून तो कट करायला गेला आणि नेमका उचलला. सगळ्या वस्तीवर त्याच्या बायकोचा, मार्थाचा आवाज गेला, "घंटा वाजवून झाली असंन तं घरी या आधी! पोराची चड्डी कुठी ठेवली तुमी?"

मी शेजारणीला म्हटलं, "माह्या घंटेनं कधी कोणाची चड्डी मागितली नाही, बाई!"

०००

शद्रकभाऊ म्हणजे तिसरी घंटा झाल्यावर दाढीला सुरुवात करणारा माणूस. लग्नापासून वेळेवर आला नव्हता. घंटा गेली आणि हा सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसायला लागला!

मी म्हटलं, "सुधरला काय रे?"

"कायचा सुधरतो, आजी? घंटाच नाही, तं उशीर कवा करू हेच समजत नाही. जीव घाबरा होते!"

०००

मग कापणीचा सण आला. त्या दिवशी जो तो शेतातलं, परसातलं काही आणून वेदीपुढे ठेवतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लिलाव दानिएलच करतो, आणि नियमाला मोठा पक्का. "वेदीपुढं आलं ते देवाचं. लिलावाबिगर कोणी उचलायचं नाही!" मागच्या वर्षी शद्रकभाऊनं तिथे छत्री टेकवली, तर त्याची त्यालाच बोली लावून सोडवावी लागली!

यंदा कोहळी होती, तूर होती, पेरू होते, आणि मागे एक पोतं. कोणी ठेवलं कोणालाच ठाऊक नाही. दानिएलनं पोत्याचं तोंड सोडलं, हात घातला आणि बाहेर काढली.

घंटा!

मी ओळीतून उठले, तिला उचलायला धावले. शद्रकभाऊ ओरडला, "थांबा आजी! वेदीपुढं आली, देवाची झाली. लावा बोली, सेक्रेटरी!"

सगळे दानिएलकडे बघायला लागले. नियम त्याचाच. घसा खाकरून म्हणाला, "बोला... चर्चची घंटा. बोला!"

माझ्याकडे काय होतं? सकाळी आणलेल्या अंड्यांतलं एक पिशवीत राहिलं होतं. मी हात वर केला. "एक अंडं!"

"एक अंडं? आजी, अस्सल पितळ हाय! वाढवा कोणी!"

कोणी हूं की चूं केलं नाही. एका कोहळ्यासाठी एकमेकांवर चढणारी माणसं, ओठ शिवून बसली. पाळकसाहेबांनी सवयीनं बोलीसाठी तोंड उघडलं, तर त्यांच्या बायकोनं त्यात पेरूची फोड कोंबली. शद्रकभाऊला खोकला आला. "मी खोकलो! बोली नोका धरू!"

दानिएल स्वतःच बोलायला गेला, तर मार्थानं मागून सदरा ओढला. "गप बसा तुमी!"

"एक अंडं, एक वार... दोन वार..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तीन वार!"

मी अंडं वेदीवर ठेवलं. दानिएल हळूच म्हणाला, "आजी, घंटा आता तुमचीच. पण मंडळीले द्यान ना?"

"देईन ना, बाबू. वर टांग. पण दोर कोणाच्या हातात राहीन, ते बोल."

त्यानं भोंग्याची वायर काढली आणि गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली.

पुढच्या रविवारी खुंटीवरचा दोर घेऊन गेले. पहिली घंटा दिली. दुसरी दिली. तिसरी अशी दिली की समोरच्या चहावाल्यानं टोपी उडवली! आत येऊन पाहते, तर शद्रकभाऊची जागा रिकामी.

दुसरं गीत अर्ध्यावर आलं तेव्हा तो दारात उभा, कानाला साबणाचा फेस तसाच.

अख्खी मंडळी उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली.